मध्यरात्रीची वेळमर्यादा आणि रंगमंचाचे अर्थकारण

स्कॉटलंडमधील ग्लासगो हे शहर भारतीय वाचकांना प्रामुख्याने राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांमुळे परिचित आहे. २०१४ च्या स्पर्धा तेथे झाल्या. २०२६ च्या स्पर्धांचे यजमानपदही त्याच शहराकडे आले आणि २०३० च्या स्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगो येथे भरलेल्या बैठकीतच झाला. अशा मोठ्या सोहळ्यांनंतर शहराच्या सांस्कृतिक जीवनात नेमके काय उरते, हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडेही विचारला जाऊ लागला आहे. या प्रश्नाचे एक उत्तर ग्लासगोतच, मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या खाली, जवळजवळ पाव शतक उभे होते. 'द आर्चेस' हे त्याचे नाव.

नाटक, संगीत आणि रात्रभराचे नृत्य या तिन्हींना एका छपराखाली आणणारी ही संस्था जून २०१५ मध्ये बंद पडली. प्रेक्षकांनी पाठ फिरवली नव्हती, की सरकारी अनुदानही थांबले नव्हते. शहराच्या परवाना मंडळाने तिला रात्री बाराच्या पुढे कार्यक्रम करण्यास मनाई केली आणि त्यानंतर चार आठवड्यांच्या आत संस्थेचे व्यवहार प्रशासकांच्या हाती गेले. कलासंस्थेची दारे किती वाजता बंद व्हावीत, हा प्रश्न वरकरणी कायदा व सुव्यवस्थेचा वाटतो. प्रत्यक्षात तो सांस्कृतिक धोरणाचा निर्णय असू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले.

कमानींखालचे नाट्यगृह

ग्लासगोचे मध्यवर्ती स्थानक १८७९ मध्ये सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचा मोठा विस्तार झाला. स्थानकाचे फलाट रस्त्यापेक्षा उंचावर आहेत. त्यांचा भार पेलण्यासाठी खाली विटांच्या प्रचंड कमानी बांधण्यात आल्या. आर्गाइल स्ट्रीट या रस्त्यावरून जाणाऱ्या रेल्वेपुलाला स्थानिक लोक 'हायलंडवाल्यांची छत्री' म्हणतात. उत्तरेकडील डोंगराळ भागातून पोटापाण्यासाठी शहरात आलेली माणसे पावसापासून बचाव करण्यासाठी आणि आपल्या मुलखातील लोकांना भेटण्यासाठी या पुलाखाली जमत, असे या नावामागचे कारण सांगितले जाते. कमानींच्या आतला भाग मात्र अनेक वर्षे दुर्लक्षित होता.

१९९० मध्ये ग्लासगोला 'युरोपीय संस्कृती नगरी' हा मान मिळाला. अथेन्स, फ्लॉरेन्स, ॲमस्टरडॅम, बर्लिन आणि पॅरिस यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते सहावे शहर. जहाजबांधणी आणि जड उद्योग ओसरल्यानंतर बेरोजगारी व गुन्हेगारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराने संस्कृतीच्या आधारे आपली प्रतिमा बदलण्याचे ठरवले होते. त्या वर्षी शहराच्या इतिहासावरील एक भव्य प्रदर्शन याच कमानींमध्ये भरवण्यात आले. प्रदर्शनाला अपेक्षेइतका प्रतिसाद मिळाला नाही, परंतु त्या निमित्ताने जागा स्वच्छ झाली आणि वापरण्याजोगी झाली. अँडी अर्नोल्ड या नाट्यदिग्दर्शकाने १९९१ मध्ये तेथे नाट्यगृह सुरू केले.

सुमारे ६५ हजार चौरस फुटांची ही जागा रूढ अर्थाने नाट्यगृह नव्हती. पडदा नाही, खुर्च्यांच्या कायम रांगा नाहीत, आणि डोक्यावरून गाड्या धडधडत जात. दिग्दर्शकाला एखादी कमान निवडून तेथे आपल्या प्रयोगापुरता रंगमंच उभा करावा लागे. प्रस्थापित नाट्यगृहांत ज्यांना तारीख मिळाली नसती, अशा तरुण कलावंतांच्या दृष्टीने हीच मोकळीक महत्त्वाची ठरली.

रात्रीच्या कमाईवर चालणारी कला

नाट्यगृह उभे राहिले, परंतु ते चालवायचे कशावर, हा प्रश्न होता. प्रायोगिक नाटकाच्या तिकीटविक्रीतून अशा अवाढव्य वास्तूचे भाडे, वीज आणि पगार निघणे शक्य नव्हते. संस्थेने त्यावर काढलेला तोडगा साधा होता. आठवड्यातील इतर दिवशी नाटक, तालमी आणि मैफली होत. शुक्रवार-शनिवारी रात्री त्याच कमानींमध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताच्या तालावर पहाटेपर्यंत नृत्य चाले. प्रवेशशुल्क आणि मद्यविक्रीतून मिळालेला पैसा कोणाच्या खिशात नफा म्हणून जात नसे. संस्था ना-नफा तत्त्वावर चालणारी असल्याने तो पैसा नाटकांच्या निर्मितीकडे वळवला जाई. संस्थेच्या वार्षिक उलाढालीचा निम्म्याहून अधिक भाग या क्लब रात्रींतून येत असे.

संगीताच्या क्षेत्रातही या रात्रींना स्वतःचे स्थान होते. 'स्लॅम' या ग्लासगोच्या जोडीने तेथे अनेक वर्षे चालवलेल्या 'प्रेशर' या रात्रींना युरोपभरातील नामवंत वादक येत. टेक्नो संगीताच्या नकाशावर ग्लासगोचे नाव ठळक होण्यात 'द आर्चेस'चा वाटा मोठा होता. म्हणजेच क्लब हा केवळ नाटकाचा पैसा पुरवणारा पाहुणा नव्हता. तोही त्या घरातला एक कलाप्रकारच होता.

या व्यवस्थेतून काय निर्माण झाले, हे काही उदाहरणांवरून लक्षात येते. नाटककार किएरन हर्ली यांचे 'बीट्स' हे नाटक २०१२ मध्ये येथे प्रथम सादर झाले. उघड्यावरील नृत्यमेळाव्यांवर निर्बंध आणणारा कायदा ब्रिटिश संसदेने १९९४ मध्ये केला, त्या काळातील एका किशोरवयीन मुलाची ही कथा आहे. एक नट आणि त्याच्या जोडीला थेट वाजणारे संगीत, असे त्याचे स्वरूप होते. २०१९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. क्लब आणि रंगमंच एकाच वास्तूत नांदत असल्यामुळेच अशा नाटकाला तेथे नैसर्गिक घर मिळाले. रॉब ड्रमंड यांचा 'बुलेट कॅच' हा प्रयोग येथून निघून एडिंबरा महोत्सवामार्गे न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला. अँडी अर्नोल्ड २००८ मध्ये ग्लासगोच्याच ट्रॉन नाट्यगृहात गेल्यानंतर 'द आर्चेस'च्या कलाविभागाची धुरा जॅकी वायली यांनी सांभाळली. त्याच पुढे २०१७ मध्ये 'नॅशनल थिएटर ऑफ स्कॉटलंड' या राष्ट्रीय नाट्यसंस्थेच्या कलासंचालक झाल्या. रेल्वेखालच्या कमानींत घडलेले नेतृत्व देशाच्या मुख्य नाट्यसंस्थेपर्यंत गेले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

एक मृत्यू आणि त्यानंतर

फेब्रुवारी २०१४ मध्ये 'द आर्चेस'मधील एका क्लब रात्री एक्स्टसी हा अंमली पदार्थ घेतल्यानंतर एका तरुणीचा मृत्यू झाला. या घटनेचे गांभीर्य कोणत्याही सांस्कृतिक युक्तिवादाने कमी होत नाही. संस्थेकडे पोलिसांचे लक्ष यानंतर अधिक कठोरपणे वळले. झडती, प्रवेशाच्या वेळची तपासणी आणि नोंदी यांबाबत दोन्ही बाजूंत चर्चा होत राहिली. २०१५ च्या वसंतात मात्र पोलिसांनी संस्थेच्या परवान्याचा फेरविचार व्हावा, अशी मागणी परवाना मंडळाकडे केली. परिसरात अंमली पदार्थ आणि बेशिस्त वर्तनाच्या घटना वारंवार घडत असल्याचे त्यांचे म्हणणे होते.

येथे एक प्रशासकीय बदलही लक्षात घेतला पाहिजे. १ एप्रिल २०१३ रोजी स्कॉटलंडमधील आठ प्रादेशिक पोलीस दले विसर्जित करून 'पोलीस स्कॉटलंड' हे एकच राष्ट्रीय दल स्थापन करण्यात आले होते. स्थानिक संस्था आणि स्थानिक अधिकारी यांच्यात वर्षानुवर्षांच्या परिचयातून तयार झालेली समजूत अशा वेळी मागे पडते आणि तिची जागा सर्वत्र सारखे लागू होणारे निकष घेतात, असा आक्षेप त्या काळात स्कॉटलंडमध्ये अनेकांनी नोंदवला होता.

परवाना मंडळाने १५ मे २०१५ रोजी निर्णय दिला. परवाना रद्द झाला नाही. मात्र संस्थेला मध्यरात्रीनंतर कार्यक्रम करता येणार नाहीत, अशी अट घालण्यात आली. कागदावर पाहता ही मधली वाट होती. नाटके, मैफली, उपाहारगृह हे सर्व सुरू ठेवण्याची मुभा होती. परंतु क्लबचे प्रेक्षक ज्या वेळी दारात येतात, त्याच वेळी दार बंद करण्याचा हा आदेश होता. निम्म्याहून अधिक उत्पन्न एका ओळीने नाहीसे झाले. शेकडो कलावंतांनी जाहीर पत्र लिहिले, हजारो नागरिकांनी निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या. तरीही १० जून २०१५ रोजी संस्थेने आपले व्यवहार प्रशासकांकडे सोपवत असल्याचे जाहीर केले. शंभराहून अधिक लोकांचा रोजगार गेला.

कायद्याने काय पाहिले आणि काय पाहिले नाही

मंडळाने कायदा मोडला, असे म्हणता येणार नाही. उलट कायद्याने जे पाहायला सांगितले, तेच त्याने पाहिले. स्कॉटलंडच्या २००५ च्या परवाना कायद्यात मंडळासमोर पाच उद्दिष्टे ठेवली आहेत: गुन्हे आणि बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे, सार्वजनिक आरोग्याचे रक्षण व संवर्धन, आणि मुलांचे हानीपासून संरक्षण. ही पाचही उद्दिष्टे योग्यच आहेत. परंतु या यादीत संस्कृतीचा उल्लेख नाही. एखादी जागा बंद पडल्यास शहर काय गमावेल, हे विचारात घेण्याचे कर्तव्य कायद्याने मंडळावर टाकलेलेच नाही.

दुसऱ्या बाजूला 'क्रिएटिव्ह स्कॉटलंड' ही अनुदान देणारी राष्ट्रीय संस्था होती. २०१५ ते २०१८ या काळासाठी नियमित अनुदान मिळणाऱ्या संस्थांच्या यादीत 'द आर्चेस'चे नाव होते. म्हणजे सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या एका यंत्रणेने संस्थेवर विश्वास दाखवला आणि त्याच वर्षी दुसऱ्या सार्वजनिक यंत्रणेने तिच्या उत्पन्नाचा मुख्य स्रोत बंद केला. या दोन यंत्रणांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, अशी व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती. परवाना मंडळाचे सदस्य हे शहराचे नगरसेवकच असतात. तथापि मंडळ म्हणून काम करताना त्यांचे अधिकार नगरपरिषदेपासून वेगळे असतात. त्यामुळे सभागृहात संस्कृतीची बाजू मांडणारे लोकप्रतिनिधीही मंडळाच्या टेबलावर बसल्यावर त्या पाच उद्दिष्टांनी बांधले जातात.

ग्लासगोत घडलेल्या घटनेचा खरा अर्थ येथे आहे. अनुदान देणाऱ्यांना वाटत होते, की आपण नाटकाला पैसा देत आहोत. परवाना देणाऱ्यांना वाटत होते, की आपण क्लबवर निर्बंध घालत आहोत. नाटक आणि क्लब यांचा हिशेब एकाच वहीत लिहिला जात होता, ही गोष्ट दोन्ही यंत्रणांच्या कक्षेबाहेर राहिली.

प्रामाणिक नोंदीची किंमत

या प्रकरणातील आणखी एक मुद्दा भारतासह कोणत्याही देशात लागू पडणारा आहे. 'द आर्चेस'च्या समर्थकांचे म्हणणे असे होते, की संस्था दारावर कसून झडती घेत असे, सापडलेल्या प्रत्येक पदार्थाची नोंद करत असे आणि पोलिसांना कळवत असे. परिणामी तिच्या नावावर घटनांची संख्या वाढत गेली. ज्या जागी झडतीच होत नाही, तेथे नोंदी कमी राहतात आणि ती जागा कागदावर सुरक्षित दिसते. नोंदींची संख्या हाच धोक्याचा पुरावा मानला, तर सर्वाधिक दक्ष संस्था सर्वाधिक धोकादायक ठरते.

भारतात अंमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम २५ नुसार आपल्या जागेचा वापर अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून होऊ देणाऱ्या मालकास वा ताबेदारास शिक्षा होऊ शकते. तरतूद आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु 'जाणूनबुजून' या शब्दाचा अर्थ लावताना, घटना स्वतःहून कळवणाऱ्याला संरक्षण मिळते की त्याची माहितीच त्याच्याविरुद्ध वापरली जाते, यावर पुढील वर्तन ठरते. माहिती देणे महागात पडते असा अनुभव एकदा आला, की दारावरचे डोळे आपोआप मिटू लागतात. त्याचा धोका शेवटी आत येणाऱ्या तरुण मुलामुलींनाच असतो.

अंमली पदार्थांचा प्रश्न क्लबच्या दाराशी थांबत नाही, हेही आकड्यांवरून दिसते. स्कॉटलंडमध्ये २०१५ साली अंमली पदार्थांमुळे ७०६ मृत्यूंची नोंद झाली. २०२० मध्ये ही संख्या १,३३९ वर गेली. यांतील बहुसंख्य मृत्यू हेरॉइनसारख्या पदार्थांशी व गुंगीच्या गोळ्यांशी निगडित होते आणि मृतांत मध्यमवयीन व्यक्तींचे प्रमाण मोठे होते. एका क्लबच्या बंद होण्याशी या वाढीचा संबंध जोडणे चुकीचे ठरेल. मात्र क्लब बंद करणे हा या संकटावरील उपाय होता, असेही म्हणता येत नाही. पुढे धोरणाची दिशा बदलली. जानेवारी २०२५ मध्ये ग्लासगोतच 'द थिसल' हे केंद्र सुरू झाले. व्यसनाधीन व्यक्तींना वैद्यकीय देखरेखीखाली अंमली पदार्थांचे सेवन करू देणारे ते ब्रिटनमधील पहिले अधिकृत केंद्र आहे. अशा केंद्राचा रुग्णवर्ग आणि क्लबचा प्रेक्षकवर्ग वेगळा आहे, परंतु लपवण्यापेक्षा देखरेख बरी, हे तत्त्व त्याच शहराने दहा वर्षांनी स्वीकारले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

दुसरी बाजू

पोलीस आणि परवाना मंडळ यांच्या भूमिकेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. एक तरुण जीव गेला होता. त्यानंतरही घटना घडत राहिल्या आणि मंडळाने काहीच केले नसते, तर पुढच्या दुर्घटनेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यालाच विचारला गेला असता. एखादी संस्था चांगली नाटके करते, म्हणून तिला सुरक्षिततेच्या नियमांत सवलत द्यावी, ही मागणी समर्थनीय ठरू शकत नाही.

संस्थेची स्वतःची एक कमकुवत बाजूही होती. निम्म्याहून अधिक उत्पन्न एका प्रकारच्या कार्यक्रमांतून, तेही आठवड्यातील मोजक्या रात्रींतून, आणि तेही एका परवान्याच्या आधारे येत असेल, तर अशी आर्थिक रचना एका आदेशाने कोसळू शकते. अनुदान देणाऱ्यांनाही ही रचना सोयीची होती. क्लबमुळे नाटकाचा खर्च भागतो म्हटल्यावर सरकारी तिजोरीवरचा भार कमी होतो. बाजारातून कमावून कला जगवणारी संस्था म्हणून जिचे कौतुक झाले, तिच्या संकटकाळात मात्र त्या कमाईची जागा घेणारी कोणतीही तरतूद तयार नव्हती.

अन्य शहरांचा अनुभव

ग्लासगोनंतर एका वर्षाने लंडनमध्ये जवळजवळ असाच प्रसंग आला. दोन तरुणांच्या मृत्यूनंतर 'फॅब्रिक' या प्रसिद्ध क्लबचा परवाना इस्लिंग्टन परगण्याच्या नगरपरिषदेने सप्टेंबर २०१६ मध्ये रद्द केला. तथापि क्लबने दाद मागितली, चाहत्यांनी न्यायालयीन लढ्यासाठी निधी उभारला आणि नोव्हेंबरमध्ये नगरपरिषदेशी तडजोड झाली. ओळखपत्रांची यंत्राद्वारे तपासणी आणि १९ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेशबंदी यांसारख्या कडक अटींवर जानेवारी २०१७ मध्ये क्लब पुन्हा सुरू झाला. सुरक्षितता आणि अस्तित्व या दोन्ही गोष्टी अटींच्या चौकटीत साधता येतात, हे यातून दिसले. ना-नफा तत्त्वावरील नाट्यसंस्थेजवळ मात्र लढण्याइतके पैसे आणि तितका वेळ सहसा नसतो.

जर्मनीने या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. बर्लिनमधील 'बर्गहाइन' या क्लबचे कार्यक्रम मैफलींच्या दर्जाचे आहेत, असे एका वित्त न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केल्यामुळे त्यांना कमी दराने कर लागू झाला. मे २०२१ मध्ये जर्मन संसदेने संगीत क्लबांची गणना नगररचनेच्या नियमांत करमणुकीच्या जागांऐवजी सांस्कृतिक वास्तूंमध्ये व्हावी, असा ठराव केला. मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीचा समावेश त्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत झाला. या निर्णयांमुळे जागांची वाढती भाडी थांबली नाहीत, हे खरे. परंतु पहाटेपर्यंत चालणारे संगीत ही संस्कृती असू शकते, हे कायद्याच्या भाषेत लिहिले गेले.

स्कॉटलंडनेही २०१९ च्या नियोजन कायद्यात एक सुधारणा केली. जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी घरे बांधणाऱ्याने आवाजापासून बचावाची जबाबदारी स्वतः घ्यावी, असे तत्त्व त्यात आले. ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी तिने 'द आर्चेस' वाचले नसते. तेथे तक्रार शेजाऱ्यांच्या झोपेची नव्हती. परवाना मंडळापुढील पाच उद्दिष्टांत संस्कृतीची भर अद्याप पडलेली नाही.

महाराष्ट्राला परिचित असलेला प्रश्न

घड्याळाचा काटा कलेचे स्वरूप कसे बदलतो, हे मराठी रसिकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव अनेक दशके रात्रभर चालत असे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालचे नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २००५ मधील निकाल यांच्यानंतर उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई झाली. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. आज महोत्सव दुपारपासून सुरू होतो आणि एखादा दिवस वगळता रात्री दहाला थांबतो.

या नियमांचा हेतू योग्य आहे. रुग्ण, वृद्ध आणि विद्यार्थी यांना शांततेचा अधिकार आहे. परंतु मध्यरात्रीनंतरचा मालकंस आणि पहाटेचा ललित आपापल्या प्रहरी भर मांडवात ऐकण्याची परंपरा त्यामुळे खंडित झाली, हेही तितकेच खरे. पर्यावरणाच्या नियमाने रागसंगीताच्या समयचक्रावर निर्णय दिला. तो देताना रागसंगीताचा विचार करण्याचे बंधन कोणावरही नव्हते. ग्लासगोतील टेक्नो आणि पुण्यातील ख्याल यांत कलाप्रकार म्हणून अंतर मोठे आहे, मात्र दोन्हीकडे निर्णयाची पद्धत एकच दिसते.

दुसरे साम्य प्रतिष्ठेच्या कल्पनेशी निगडित आहे. महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या नाट्यगृहांत सकाळी बालनाट्य, दुपारी लावणीचा कार्यक्रम आणि रात्री व्यावसायिक नाटक असे एकाच दिवशी घडू शकते. लावणी वा वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांना होणारी गर्दी नाट्यगृहाच्या तारखा भरते आणि भाडे मिळवून देते. तरीही नाट्यगृहांचा विषय निघाला की 'अभिजात' आणि 'हलके' अशी विभागणी पुढे येते. 'द आर्चेस'बाबतही हेच घडले. नाटकाला कला आणि नृत्याच्या रात्रीला उपद्रव मानणाऱ्या दृष्टीला त्या दोघांचे परस्परावलंबन दिसले नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा आपल्याकडेही तितकाच गंभीर आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल परिसरातील आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात महाराष्ट्रात नवा दुकाने व आस्थापना कायदा लागू झाला होता आणि जानेवारी २०२० मध्ये मुंबईतील निवासी वस्तीबाहेरच्या निवडक परिसरांत दुकाने व उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्याचे धोरण जाहीर झाले. या चर्चेत व्यापार, रोजगार आणि पोलीस बंदोबस्त हे विषय प्रामुख्याने आले. रात्रीच्या शहरात नाटक आणि संगीताला जागा कोठे, हा विषय फारसा आला नाही.

पुढील वाट

'द आर्चेस'च्या कमानींत नंतरच्या वर्षांत खाद्यबाजार व भाड्याने दिले जाणारे समारंभ सुरू झाले. वास्तू उभी आहे आणि वापरातही आहे. मात्र नवख्या नाटककाराला कमान देऊन पाहू या, असे म्हणणारी संस्था तेथे उरली नाही. संस्थेच्या आठवणी संकलित करणारे एक पुस्तक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु पुस्तक हे रंगमंचाला पर्याय ठरू शकत नाही.

या प्रकरणातून तीन गोष्टी ठळकपणे पुढे येतात. पहिली, सार्वजनिक अनुदान घेणाऱ्या कलासंस्थेच्या परवान्याचा निर्णय होताना अनुदान देणाऱ्या यंत्रणेचे म्हणणे ऐकणे बंधनकारक असावे. अंतिम निर्णय मंडळाचाच राहील, पण परिणामांची माहिती टेबलावर असेल. दुसरी, स्वतःहून नोंद करणाऱ्या संस्थेला त्या नोंदींबद्दल दंड होऊ नये. तपासणी नोंदींच्या संख्येची न होता उपाययोजनांची व्हावी. तिसरी, थेट वेळ कापण्यापूर्वी वैद्यकीय पथक, वयाची मर्यादा, ठरावीक मुदतीनंतर फेरआढावा अशा टप्प्याटप्प्याच्या अटी आजमावल्या जाव्यात. लंडनमध्ये हे शक्य झाले.

मोठ्या क्रीडा व सांस्कृतिक सोहळ्यांसाठी शहरे कोट्यवधी खर्च करतात आणि नंतर त्यांच्या वारशाविषयी अहवाल काढतात. ग्लासगोला १९९० च्या सोहळ्यातून मिळालेला एक वारसा कोणी योजलेला नव्हता. फसलेल्या प्रदर्शनाच्या जागी तो आपसूक उगवला आणि चोवीस वर्षे टिकला. अहमदाबादसह ज्या शहरांकडे येत्या काळात असे सोहळे येणार आहेत, त्यांनी नव्या वास्तूंच्या आराखड्यांबरोबरच आपल्या परवाना नियमांकडेही एकदा पाहावे, हे उचित ठरेल.